दोन गुहांमधले मासे

किस्से शेवाळासारखे असतात. टाकी कितीही घासा, चार दिवसांनी काचेवर पुन्हा हजर! मी दहावी पास, नाशिकच्या एका कॉलेजात माशांना खाऊ घालते. मासे आंधळे, परदेशातल्या काळोख्या गुहांमधले. पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून त्यांचे डोळे कसे गेले, हे आमच्या मॅडम त्यांच्या जीनोममध्ये शोधतात. जीनोम म्हणजे जिवाच्या आतलं लिखाण, एवढं मला कळतं.

*

मी टाकीत पांढरे खडे आणि छोटा किल्ला मांडला. मॅडम हसल्या, "मावशी, त्यांना दिसत नाही हो!"

"घासून जातील तेव्हा कळेल ना, घर कुणीतरी सजवलंय!"

*

हे मासे जवळपास झोपतच नाहीत म्हणे. ते बघायला मॅडम दुपारभर टाकीसमोर बसल्या. मी चहा घेऊन आले, तर मॅडम टेबलावर डोकं टेकून गाढ! मासे आपले काचेशी संथ फिरतायत. कोण कुणाचा अभ्यास करत होतं, देव जाणे!

*

सीक्वेन्सिंगसाठी, म्हणजे ते आतलं लिखाण वाचायला, शेपटीचा तीळभर तुकडा कापतात. शेपटी परत वाढते, तरी मी तोंड फिरवते. रिपोर्ट आला, तर स्क्रीनभर अक्षरंच अक्षरं!

"बोटाएवढा जीव, केवढं बोलतो!" मी म्हटलं.

"आणि आम्हाला त्यातलं जेमतेम कळतं," मॅडम म्हणाल्या.

*

कॉलेजचा फोन ऑपरेटर किशोर जेवणाच्या सुट्टीत येऊन पाण्यात बोट बुडवतो. तो मालेगावचा, बायको सुमन हरसूलची. दोघंही जन्मापासून आंधळे. सुमनला दिवस गेलेत. नातेवाईक म्हणतात, "आंधळ्यांना आंधळंच होणार." किशोर हसण्यावारी नेतो. पण एकदा पाण्यातलं बोट न काढताच त्यानं विचारलं, "मावशी, खरंच का हो?"



*

मग मॅडमनी दोन वेगवेगळ्या गुहांमधल्या आंधळ्या माशांची जोडी लावली. "दोघांच्या जीन्समधला, त्या आतल्या लिखाणातला, बिघाड वेगळ्या जागी आहे. एकाची उणीव दुसरा भरून काढेल कदाचित."

पिल्लांच्या वाटीभोवती काळे-पांढरे पट्टे हळूहळू फिरवायचे. दिसत असेल, तर पिल्लू पट्ट्यांमागे पोहतं. किशोरही खुर्ची ओढून बसला. पट्टे फिरले. मी आणि मॅडम वाटीवर वाकलो.

"अरे, कुणीतरी बोला की!" किशोर म्हणाला.

"किशोर... काही पिल्लं पट्ट्यांमागे फिरतायत रे," मी म्हटलं.

मॅडम लगेच म्हणाल्या, "हे मासे आहेत हं, किशोर. माणसांचं डॉक्टरच सांगतील."

"कळतंय मॅडम," म्हणत त्यानं घरी फोन लावला.

"सुमन, आपल्या घरात बल्ब आहे का गं?... मग येताना आणतो."