अंतऱ्याआधीची टिकटिक

माझं वय अठ्ठ्याहत्तर. गाव मालवणजवळचं, म्हणजे भुताखेतांच्या गोष्टींवरच वाढलो म्हणा ना. पण आयुष्यभर मी त्यांची टिंगलच केली. बायको अमावस्येला पोरांवरून नारळ उतरवायची आणि मी तोच फोडून खोबरं खायचो. तेव्हा हे लिहिणारा माणूस जिथे तिथे काहीतरी बघणारा नाही, एवढं ध्यानात ठेवा. आणि हेही, की यात घाबरण्यासारखं जे आहे ते माझंच आहे.

आम्ही नाहूरला राहतो. मी, मुलगा, सून आणि नात सई. सई अंधेरीच्या एका युनिव्हर्सिटीत पॉप्युलर म्युझिक परफॉर्मन्स शिकते. बँडबरोबर गायचं, माईक कसा धरायचा, स्टेजवर कसं उभं राहायचं... याची डिग्री मिळते हे मला आधी खोटंच वाटलं होतं.

तिची आजी, माझी बायको सुलभा, हे सगळं डिग्रीशिवाय करायची. भांडुपला चाळीत राहायचो तेव्हा ती ऑर्केस्ट्रात गायची. गणपतीत घाटकोपर, मुलुंड, विक्रोळी – रोज एक मंडळ. ड्रमवाला तिच्या मागे बसायचा, त्याला तिचं तोंड दिसायचं नाही. म्हणून अंतरा सुरू करण्याआधी ती हातातली काचेची बांगडी माईकच्या स्टँडवर दोनदा वाजवायची. टिक टिक. की तो लगेच ड्रमवर काठ्या फिरवून तिला वाट करून द्यायचा. मी पुढच्या रांगेत बसून ती टिकटिक ऐकायचो. लग्न नवीन होतं, छाती फुगायची.

मग एकदा ऑफिसात कोणीतरी म्हणालं, "काय रे, काल वहिनींना जाम शिट्ट्या पडल्या!" सगळे हसले. मीही हसलो. घरी येईपर्यंत डोकं फिरलं होतं.

पुढच्या सीझनच्या तारखा ठरवायला ऑर्केस्ट्राचे मालक घरी आले. सुलभा चहा घेऊन आली आणि तिच्यासमोरच मी म्हणालो, "हिचा गळा गेलाय हो. डॉक्टरांनी गाणं कायमचं बंद सांगितलंय."

तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. ट्रे खाली ठेवला, हात गळ्याशी नेला आणि मालकांकडे बघून मान हलवली. बोलली असती तर माझं खोटं उघडं पडलं असतं ना... म्हणून बोललीच नाही.

त्यानंतर ती कधी गायली नाही. आरतीलाही नुसत्या टाळ्या वाजवायची. सासर, माहेर, मुलं – सगळ्यांना तेच माहीत, सुलभाचा गळा गेला. ती गेली तीही तेच घेऊन. सवाष्ण गेली, हातातल्या हिरव्या बांगड्यांसकट.

गेल्या वर्षी परीक्षेच्या कार्यक्रमाआधी सईचा आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, ताण पडलाय, थोडे दिवस कमी बोल. आवाज परत आलाही. पण हिच्या डोक्यात वेगळंच.

"आबा, आजीचा पण असाच गेला ना? आपल्याकडे आहेच ते. आज ना उद्या माझी पण वाट लागणार."

तोंड उघडायची हीच वेळ होती. मी काय म्हणालो? "हो... जप बाई."

तिने ठरवून टाकलं, ही परीक्षा शेवटची, मग गाणं सोडून रेकॉर्डिंग शिकायचं. तिथे गळा लागत नाही. मी ऐकून घेतलं. गप्प बसायची सवय लागली की ती सुटत नाही.

परीक्षा दुपारी होती, कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये. मीही गेलो होतो. आधी तालीम चालली होती. अंतऱ्याचा वरचा सूर आला की सई भीतीने उशिरा यायची. ड्रमवर तिचा मित्र वेदांत.

"सई, तू येणारेस की नाही ते तरी सांग यार! मी काय सिग्नलला थांबल्यासारखा थांबू?"

"थांब ना मग! हॉर्न नको मारू."

परीक्षक येऊन बसले. सईने स्वतःच बांधलेलं गाणं सुरू केलं. मुखडा झाला, अंतरा जवळ आला, तिचा चेहरा उतरलेला मला खालून दिसत होता... आणि टिक टिक.

वेदांतने ड्रमवर काठ्या फिरवल्या. सई बरोब्बर जागेवर आली. वरचा सूर असा लागला, की परीक्षकांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. दुसऱ्या अंतऱ्याला पुन्हा तेच. मी कानाला हात लावून पाहिला. वाटलं, कानातलं मशीन बिघडलं असेल.

कार्यक्रम संपल्यावर वेदांत ओरडत आला. "काय मस्त इशारा दिलास! आधी सांगायचं ना!"

"मी? मला वाटलं तू काठी वाजवलीस."

सईच्या हातात बांगडी नव्हती, अंगठीही नव्हती. तिथे प्रत्येक माईकचं वेगळं रेकॉर्डिंग होतं. वेदांतने लावून पाहिलं. ड्रमच्या माईकमध्ये ती टिकटिक नाही. सईच्या माईकमध्ये मात्र स्वच्छ, लोखंडावर काच वाजावी तसं, टिक टिक.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. मग मी सांगितलं. बांगडीचं, शिट्ट्यांचं, चहाच्या ट्रेचं, सगळं. "तिचा गळा ठणठणीत होता, सई. तुझाही आहे. मी खोटं बोललो होतो."

वेदांत हळूच बाहेर गेला. सई माईकची वायर गुंडाळू लागली. वाटलं, ओरडेल. बरं झालं असतं.

"म्हणजे ती घरात पण गायली नाही? इतकी वर्षं?"

"नाही."

"आणि तू कधी म्हणालास तिला, गा म्हणून?"

मी कानातलं मशीन काढून पुसत बसलो. तिला उत्तर कळलं.

सईने गाणं सोडलं नाही. माझ्याशी बोलते, पण पूर्वीसारखं आबा, हे ऐक ना, म्हणून येत नाही. ती टिकटिक कुठून आली ते आम्ही शोधलं. वेदांतने माईक बदलून पाहिला, स्टँड हलवून पाहिला. तसा आवाज पुन्हा निघाला नाही.

सईच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी जातो. पुढच्या रांगेत बसतो, कानातलं मशीन पूर्ण वाढवून. अंतरा जवळ आला की श्वास धरतो. एकदा तरी... पण नाही. सई आता आपली आपण वेळेवर येते. सुलभाचं तिच्याकडे जे काम होतं ते झालं. माझ्याकडे तिचं काही काम नसावं.