सरस वाळेपर्यंत

माझा मामा सुतार. कुणी खुर्चीत बसलं की तिचा कुठला सांधा सैल झालाय, हे तो पलीकडच्या खोलीतून नुसत्या आवाजावरून सांगतो. अशा माणसानं गेले दोन महिने स्वतःच्या कमरेपुढे मात्र हात टेकले होते. रंधा मारायला वाकलं की कळ यायची. शेवटी त्यानं जाहीर केलं, महिनाअखेरपर्यंत बघायचं, नाहीतर हत्यारं विकून कारखाना बंद. कारखाना म्हणजे घरामागची एक खोली. पण तिच्याशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय, याची मामीनं धास्ती घेतली.

नेहमीच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मोडलेलं काही नाही म्हणाले, कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातानं दाब देऊन पाठीच्या सांध्यांवर उपचार करणाऱ्याकडे, जाऊन बघा म्हणाले. तो शब्द मामाच्या जिभेवर काही बसेना. त्याला मी घेऊन गेले. खरं सांगायचं तर तिथं नेमकं काय करतात, हे मलाच बघायचं होतं.

तिथल्या कायरोप्रॅक्टर बाईंनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. पायाला मुंग्या येतात का, लघवीला त्रास होतो का, हाडं ठिसूळ असल्याचं कुणी सांगितलंय का. मामा वैतागला. यातलं काही असतं तर हात न लावता तुम्हाला परत डॉक्टरांकडे पाठवलं असतं, असं त्या म्हणाल्या तेव्हा कुठे गप्प झाला. मग त्यांनी त्याला वाकवलं, वळवलं, कुशीवर झोपवलं आणि कमरेवर झटकन एक दाब दिला. कट्!

मामाचा चेहरा पांढराफटक. त्याच्या धंद्यात असा आवाज आला म्हणजे लाकूड गेलं. हाड नव्हे, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा आवाज, असं बाईंनी समजावलं. एक-दोन दिवस अंग थोडं दुखेल, असंही सांगितलं. जिना उतरेपर्यंत मामानं त्यांचं नाव 'कटकटबाई' ठेवलं होतं.

घरी येऊन तो ताठ पाठीच्या खुर्चीत बसला तो हलेचना. जेवला तिथंच. कुणी हाक मारली तरी मान वळवेना. दुसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की उठताना डोळ्यांत पाणी आलं. त्यानं लगेच हत्यारं घेणाऱ्याला रविवारी यायला सांगितलं. मला आधी बाईंचा राग आला, मग मामाचा. दुसऱ्या भेटीला त्याला जवळजवळ ओढतच नेलं.

"काका, हलू नका असं मी म्हटलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"ते सांगायला कशाला हवं? सांधा बसवला की सरस वाळेपर्यंत हलवायचा नसतो."

बाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. "मी काही चिकटवलं नाही, काका. अडकलेलं जरा मोकळं केलंय. हलतं ठेवायचं काम तुमचं."

"म्हणजे बिजागरी," मामा म्हणाला. मग हळूच विचारलं, कपाट करता येईल का पुन्हा. बाईंनी उगाच आशा लावली नाही. दुखणं पूर्ण जाईल याची खात्री देता येत नाही, रोज चाला, व्यायाम करा, सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर हे थांबवून दुसरं बघू, असं सांगितलं. कपाट करा, पण जड काही एकट्यानं उचलायचं नाही. यावर मामानं नाक मुरडलं. रविवारच्या माणसाला मामीनंच परस्पर नको म्हणून कळवलं.

दुखणं निम्म्यावर यायला महिना लागला. मग एका सकाळी मागच्या खोलीत रंध्याचा आवाज सुरू झाला आणि मध्येच थांबला. मी आणि मामी स्वयंपाकघरात जिथल्या तिथं उभ्या राहिलो. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण त्या खोलीतल्या फळीला मामीनं हात लावलेला त्याला एकदाही खपला नव्हता.

"अगं, जरा ये गं," त्यानं हाक मारली. "दुसरं टोक धर."

मामी ओल्या हातांनीच धावली.