कासवाची राखण

"पावणं, मूठ उघडा."

मावशींनी असं म्हटलं की भलेभले मूठ उघडत. आधी हसत, मग इकडेतिकडे बघत, पण उघडत. मुठीत बहुधा एखादं नाणं असे, कधी चिमूटभर हळदकुंकू. एकदा तर अख्खा पेढा निघाला. मावशी तो ऐवज काढून घेत, कापडी पिशवीत टाकत आणि म्हणत, "जाताना न्या." न्यायला सहसा कुणी येत नसे.

मावशी आमच्या गल्लीतल्या. जोतिबाच्या डोंगरावर त्यांचं गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं. रोज सकाळी कोल्हापुरातून एसटीनं वर जायचं आणि संध्याकाळी गुलाबी होऊन खाली यायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. गुडघे कुरकुरू लागल्यावर दुकान मुलाकडे गेलं आणि मावशींना घर खायला उठलं. आमचं एक निसर्गमंडळ आहे. अशा मंडळांत जी माणसं असतात तीच आमच्यातही आहेत: निवृत्त, सुशिक्षित आणि टोप्या घालणारी. कोकणातल्या एका मत्स्यालयात दर वर्षी पर्यावरण महोत्सव भरतो, तिथं आम्ही स्वयंसेवक म्हणून जातो. एका वर्षी गाडीत जागा रिकामी होती. मावशी "समुद्र बघून येतो की" म्हणत चढल्या. परतताना समुद्राविषयी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. कासवाविषयी मात्र घाट चढून होईपर्यंत बोलत होत्या.

त्या मत्स्यालयात एक उघडा हौद आहे. मासेमारीच्या जाळ्यात अडकून जखमी झालेली समुद्री कासवं त्यात ठेवतात आणि बरी झाली की सोडून देतात. आता आपल्याकडे देवळात शिरलं की गाभाऱ्याआधी दगडी कासव भेटतं. त्याच्यापुढं वाकायचं, हात लावायचा, जमलं तर नाणं ठेवायचं, हे तुमच्या-माझ्या हाडात मुरलेलं आहे. तेच घेऊन माणसं मत्स्यालयात येतात. पाण्यात कासव दिसलं की हात आपोआप खिशात जातो. आपण देव आहोत याची कासवाला कल्पना नसते. ते नाणं गिळतं.

त्या वर्षी आम्ही गेलो त्याआधीच एक कासव तसं मेलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पोटातली नाणी आम्हाला दाखवली. आम्ही टोपीवाले हळहळलो. मावशींनी ती नाणी मोजून पाहिली. मग म्हणाल्या, "जल्मभर लोकांच्या मुठीत घालायचं काम केलं. आता जरा काढायचं बघतो." आणि हौदाच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. पुढची सगळी वर्षं त्या तिथंच उभ्या होत्या.

मी सांगतोय ती गोष्ट त्यांच्या शेवटच्या महोत्सवाची. हौदात एक मादी होती. पुढच्या पायाला जाळ्याचा काच बसून झालेली जखम भरत आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला समुद्रात सोडायचं होतं. "आज तिच्या पोटात भलतंसलतं काही जाऊ देऊ नका," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "गेलं तर सोडता येणार नाही. वाचेल का, तेही सांगता येणार नाही." मावशींनी पदर खोचला.

प्रमुख पाहुणे रिवाजाप्रमाणे उशिरा आले. त्यांना फेटा बांधला गेला. प्लास्टिकच्या वेष्टनातला पुष्पगुच्छ स्वीकारून ते प्लास्टिकविरुद्ध तळमळीनं बोलले. मग निवेदिकेनं जाहीर केलं, "आता साहेबांच्या शुभहस्ते जलपूजन." साहेबांनी धरणांची, कालव्यांची, पाण्याच्या टाक्यांची जलपूजनं केलेली होती, कासवाचा हौद काय अवघड! तबक घेतलेले महोत्सवाचे सचिव पुढं, साहेब मागं आणि त्यांच्या मागं कॅमेरे, अशी मिरवणूक हौदापाशी आली. मावशी आडव्या उभ्या.

"मावशी, सरका. पूजा आहे," सचिव म्हणाले.

"ह्या पाण्यात न्हाई."

"अहो, श्रद्धेचा विषय आहे हा!"

"मला सांगताय व्हय? पोत्यानं गुलाल इकलाय मी. डोंगरावर या, अंगभर उधळा. तितं देव हाय, त्यो सोसतोय. हिला सोसत न्हाई."

साहेब अनुभवी होते. हसून म्हणाले, "मावशी कोल्हापूरच्या दिसतात. म्हणजे आपल्याच की!"

"आपल्या हाय म्हणून तर तोंडावर सांगतो. साहेब, मूठ उघडा."

कॅमेऱ्यांसमोर दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. साहेबांनी मूठ उघडली. फुलं, अक्षता आणि एक नवंकोरं नाणं. मावशींनी ते काढलं नाही. कोपऱ्यातली पाण्यानं भरलेली निळी बादली त्यांच्यापुढं सरकवली. "सकाळीच समुद्रातनं आणलंय. पाण्याचीच पूजा करायची न्हवं? करा."

साहेबांनी प्लास्टिकच्या बादलीचं यथासांग जलपूजन केलं. छायाचित्रकारांनी बादली टाळून फोटो काढले.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर गेली आणि सचिवांनी मावशींचा स्वयंसेवकाचा बिल्ला मागून घेतला. पुढच्या वर्षी येऊ नका, असंही सांगितलं. आमच्यापैकी एकानं मध्यस्थीचा क्षीण प्रयत्न केला. मावशींनीच त्याला थांबवलं. "घेऊ द्या की. बिल्ल्यानं राखलं व्हतं व्हय कासव?"

त्यांना पुढच्या वर्षी न येण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. दिवाळीनंतर दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. आता हौदावर जाड काच बसवली आहे. सुबक आहे, पण तिच्याशी बोलता येत नाही.

मला मावशी आठवतात त्या जलपूजनाच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या. त्या मादीला वाळूवर ठेवलं होतं. तिनं आपल्या पायांनी पाण्यात जायला हवं होतं आणि तिच्या वाटेत उभं राहू नका, असं डॉक्टरीणबाई पुन्हापुन्हा सांगत होत्या. पण प्रत्येकाला कासवाचा समोरून फोटो हवा होता. माणसं कडेकडेनं पुढं सरकली, वाट बुजत चालली, मादी थबकली. तेवढ्यात बिनबिल्ल्याच्या मावशी गर्दीतून पुढं घुसल्या. कासवाकडे पाठ केली, आमच्याकडे तोंड केलं आणि दोन्ही हात फाकवून आम्हाला रेटू लागल्या. "मागं! मोबाईल घाला चुलीत! मागं व्हा!" आम्ही मागं झालो. मग लाजून आम्ही टोपीवालेही त्यांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो. आमची तोंडं मात्र समुद्राकडे होती.

त्यामुळे आम्हाला सगळं दिसलं. ती दमत, थांबत गेली. पहिली लाट तिच्यावरून गेली, दुसरीनं तिला उचललं आणि तिसरीनंतर वाळूवर नुसती ओली रेघ राहिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींचे हात अजून फाकलेलेच होते.

"गेली का?" त्यांनी आम्हाला विचारलं.

"गेली, मावशी."

"नीट बघितलासा न्हवं?"

"हो."

मग त्यांनी हात खाली घेतले, दोन्ही गुडघे चोळले आणि सावकाश समुद्राकडे वळल्या.