सव्वीस पत्रं, एकच अक्षर

भंडाऱ्याला जाणाऱ्या एसटीत मी नागपूरहून बसले तेव्हा माझी बॅग वर टाकली होती, पण कापडी पिशवी मांडीवरच ठेवली होती. शेजारच्या बाईंनी दोन वेळा तिच्याकडे पाहिलं आणि तिसऱ्या वेळी विचारलंच.

"लग्नाच्या पत्रिका वाटाले चालल्या काय, बाई?"

"नाही हो. शाळेतल्या मुलांची पत्रं आहेत."

"मंग पोस्टात टाकाची ना. इतक्या दूर हातानं काहून घेऊन जाऊन राहिल्या?"

प्रश्न अगदी रास्त होता, पण त्याचं उत्तर बसमध्ये देण्यासारखं नव्हतं. इथे देते.

मी मूळची सांगलीची. गेली कित्येक वर्षं स्कॉटलंडमधल्या एका लहानशा गावात प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या शाळेत 'जागतिक नागरिकत्व' हा विषय आहे. नाव भारदस्त असलं तरी मतलब साधा: जगाच्या दुसऱ्या टोकाला राहणारं पोर आपल्यासारखंच आहे, आपल्यापेक्षा ना वर ना खाली, हे मुलांना दहा वर्षांच्या आत कळावं. त्यासाठी आम्ही भंडारा जिल्ह्यातल्या, अड्याळच्या पुढच्या एका जिल्हा परिषद शाळेशी जोडी जमवली. पहिल्याच सभेत आमच्या पालकांनी तिकडे जुने कपडे पाठवायची टूम काढली होती. मी उभी राहून सांगितलं, कपडे नाहीत, पत्रं जातील. आपण मदत करायला निघालो नाही, ओळख करून घ्यायला निघालोय. मला असं ठणकावून बोलायला आवडतं, हे माझ्या घरचे सांगतीलच.

विषय ठरला पाणी. त्यांच्या गावाबाहेर तळं, आमच्या गावाबाहेरही तळं. आमच्या मुलांनी इंग्रजीत लिहायचं, तिकडच्यांनी मराठीत, आणि दोन्हींचं भाषांतर मी करायचं. आधी आमची पत्रं गेली आणि वर्षभर फोनवर छान बोलणं चाललं. मग तिकडची सव्वीस पत्रं आली आणि वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की सगळ्या पत्रांतला 'ळ' एकाच वळणाचा आहे. मग 'क्ष' पाहिला, मग मात्रा पाहिल्या. सव्वीसच्या सव्वीस पत्रं एकाच हातानं लिहिलेली होती. मजकूर मास्तरांनी बसून रचलाय आणि कुणाकडून तरी उतरवून घेतलाय, अशी माझी खात्री पटली. मी ते आमच्या मुख्याध्यापिकेला, मोरागला, सांगितलं. तिनं पालक समितीला सांगितलं. समितीचं म्हणणं पडलं की मुलांच्या नावावर मोठ्यांनी लिहिलेली पत्रं आपल्या मुलांनी का वाचावीत? जानेवारीअखेर सभा घेऊन ही जोडी मोडायची की ठेवायची ते ठरणार होतं. मी डिसेंबरात सांगलीला येणारच होते. म्हटलं, जाऊन पाहते आणि काय ते खरं सांगते.

तर मी चौकशीला निघाले होते.

भंडाऱ्याला बस बदलून पवनीच्या रस्त्याला लागलो. धान कापून झालं होतं. बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं) मोकळ्या पडल्या होत्या आणि जागोजाग पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग, घरांएवढ्या उंचीनं रचलेले. मधूनच एखादं तळं दिसायचं, त्यात शिंगाड्याच्या वेली पसरलेल्या. आम्हा सांगलीकरांना ऊस सोडून दुसरं पीक ठाऊक नसतं, त्यामुळे मी खिडकीला नाक लावून बसले होते.

अड्याळच्या थांब्यावर मेश्राम सर मोटारसायकल घेऊन उभे होते. ते या शाळेचे मुख्याध्यापक आणि चौथीचे वर्गशिक्षक, दोन्ही. पन्नाशीचे, किडकिडीत, शर्ट कडक इस्त्रीचा. फोनवर वर्षभर बोलणं होतं, तरी समोर पाहिल्यावर त्यांनी असे हात जोडले की मला माझ्या मनातल्या शंकेची लाज वाटली. पण मी ती दाबली. काम ते काम.

गावाच्या अलीकडे लोकांनी डांबरी रस्त्यावरच तणस (धानाचा पेंढा) पसरलं होतं. त्यावरून मोटारसायकल अशी सावकाश घसरली की आम्ही दोघं पडलो असं म्हणवत नाही, तणसावर बसलो. सरांचा गुडघा खरचटला होता. त्यांनी आधी माझी पिशवी उचलली, झटकली आणि आत डोकावून पाहिलं.

"पत्रं बरोबर आहेत, मॅडम. तुमाले लागलं तं नाई?"

त्यांच्या घरी जेवण झालं. सरांच्या मिसेसनी वाढता वाढता विचारलं, "पोपट चालते ना तुमाले?" माझा घास हातातच राहिला. ताटात पाहिलं तर हिरवेगार वालाचे दाणे, झणझणीत रश्शात. इकडे या शेंगांना पोपट म्हणतात. मी दोनदा भाजी मागून घेतली आणि भातावर आडवा हात मारला.

मग शाळा. दोन खोल्या, व्हरांडा, आवारात कडुनिंब. चौथीची मुलं रांगेत बसली होती, सगळ्यांच्या केसांना तेल चोपडलेलं. एका भिंतीवर जगाचा नकाशा, त्यावर आमच्या गावापासून त्यांच्या गावापर्यंत लाल दोरा ताणलेला. मी 'नमस्ते' म्हटलं, पिशवीतून पत्रं काढली आणि माझ्या मते फार हुशारीची परीक्षा सुरू केली. पत्राखालचं नाव झाकून मी फक्त मजकूर वाचणार होते. मजकूर सरांचा असेल तर मुलं गप्प बसतील.

"'आमची बकरी बोडीच्या पाण्यात...'"

"ते माह्यं आहे!" मागून एक पोरगा उभा राहिला. "बकरी पाण्यात पडली आन् मीनं शेपटी धरून काढली!"

बोडी म्हणजे लहान तळं. पत्रात पुढे शब्दन् शब्द तेच होतं. मी दुसरं काढलं. "'माझे आजोबा झिंगे पकडतात...'" एक मुलगी अर्ध्या वाक्यातच उठली आणि पुढची सगळी हकीकत सांगू लागली. तिसरं, चौथं, दहावं. मी वाचायला तोंड उघडावं आणि मालकानं उभं राहावं. पत्रं खरी होती. मुलांचीच होती.

"अरे, मग तुम्ही स्वतः का नाही लिहिलंत?"

सगळ्यांनी खिडकीजवळच्या एका मुलीकडे पाहिलं. सावळी, दोन वेण्या, बोटांच्या पेरांवर शाई. तिनं मान खाली घातली.

"ही समीक्षा," सर म्हणाले. "हिचं अक्षर तालुक्यात पहिलं आहे, मॅडम. सगळ्यायनं सांगतलं, हिनं लिवलं."

इतक्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. धानाच्या चुरण्यावरून, म्हणजे मळणीवरून, तशीच आलेली, पदराला भुसा चिकटलेला. ही समीक्षाची आई, वनिताबाई. परदेशातली बाई पत्रं तपासायला आली एवढं गावभर झालं होतं, आणि ती सगळी पत्रं आपल्या पोरीच्या हातची हे तिला ठाऊक होतं.

"माह्या पोरीनं काई गलती केली काय, मॅडम?" तिनं दारातूनच विचारलं. "पंधरा दिवस शाळा सुटल्यावर लिवत बसे. मी म्हणो, जेव ना माय. तं म्हणे, उद्या तिघांचे राहिले. शाळेतून नाव तं नाई काढाल ना?"

"नाही, नाही," मी म्हटलं. पण मी काही बाईला समजावणार, त्याआधी सरांनी कपाटातून एक फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. त्यांचा आवाज नम्रच होता.

"मॅडम, तुमची पत्रं पहिले आली. हे पाहा. सगळी एकसारखी. तेच कागद, तेच अक्षर, एकही खोड नाई. आमी समजलो, परदेशी पत्र पाठवाची हेच पद्धत आहे. आमच्या शाळेतला प्रिंटर बंद पडला आहे. आमचा प्रिंटर म्हणजे समीक्षा."

मुलं हसली. मला हसू आलं नाही.

फाइलमध्ये माझीच पत्रं होती. आमच्या मुलांची गिचमिड अक्षरं, खाडाखोड, कोपऱ्यात काढलेले मासे, हे सगळं मी आमच्या शाळेतल्या कपाटात बंद करून ठेवलं होतं आणि त्यांचं देखणं मराठी भाषांतर संगणकावर टाइप करून, चांगल्या कागदावर छापून पाठवलं होतं. मूळ पत्रं इथे कुणाला वाचता येणार, असा माझा हिशोब. पण हिशोब तेवढाच नव्हता, हे मला त्या क्षणी कळलं. आपली मुलं परक्यांपुढे नीटनेटकी दिसावीत, ही माझी हौस. सरांची हौस काय वेगळी होती? फरक इतकाच की त्यांच्या हौशीला मी लबाडी म्हटलं आणि माझ्या हौशीला भाषांतर. आणि हा संशय मी एका देशात पसरवून दुसऱ्या देशात तपासायला आले होते, म्हणून एक बाई काम टाकून, घाबरून, दारात उभी होती.

मी वनिताबाईंजवळ गेले आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई, गलती झाली आहे, पण ती माझी. तुमच्या मुलीनं फार मोठं काम केलंय." मग मी सरांकडे वळून तेच पुन्हा सांगितलं. समितीपुढे शंका कोणी काढली तेही सांगितलं. ते सांगणं सोपं नव्हतं.

सरांनी फाइलची दोरी बांधली. मग म्हणाले, "फोनवर विचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं, मॅडम."



संध्याकाळच्या बसला तीन तास होते. मी म्हटलं, आज प्रत्येकानं आपलं पत्र आपल्या हातानं लिहायचं. सरांना ते पटेना. "यायचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तिकडे हसतील लोक." मी मोबाइलवर आमच्या फळ्याचा एक फोटो शोधून काढला. त्यावर आमच्या मुलांनी लिहिलेल्या ओळी होत्या, शेवटाकडे उताराला लागलेल्या. मुलांनी तो हातोहात फिरवला. बकरीवाला म्हणाला, "हे तं माह्याहून खराब आहे बाप्पा!" आणि सगळ्यांच्या पेन्सिली सुरू झाल्या.

समीक्षा मात्र कोऱ्या कागदापुढे बसून होती. तिचं आधीचं पत्र मला आठवत होतं, सगळ्यांत बेचव: आमच्या गावात बोडी आहे, बोडी सुंदर आहे. मी शेजारी बसले.

"इतरांची एवढी छान पत्रं लिहिलीस. स्वतःचं असं का गं?"

"माह्यं आखरी होतं. हात दुखून राहिला होता."

तिनं लिहायला घेतलं तेव्हा मी उठून दूर गेले. बसमध्ये बसल्यावर, सर खिडकीखाली उभे असतानाच, मी ते पत्र वाचलं. अक्षर तेच, सुरेख. आमच्या वर्गातल्या तिच्या जोडीच्या मुलीला, केटीला, लिहिलेला मजकूर असा: 'केटी, मला बोडीच्या पाण्याची फार भीती वाटते. सगळे पोहतात, मी काठावर बसते आणि पाय दुखतो म्हणून सांगते. तुला पण भीती वाटते का? मला एकटीलाच वाटते की काय, ते कळव.'

"काय लिवलं?" सरांनी विचारलं.

"ते केटीला लिहिलंय," मी म्हटलं आणि पत्र पाकिटात घातलं. सर हसले. बस निघाली.

स्कॉटलंडला पोचल्यावर सभेआधी मी मोरागला सगळं सांगितलं आणि मग समितीपुढे तेच उभं राहून सांगितलं. आधीची सव्वीस पत्रं कुणाची होती, कशी लिहिली गेली, आणि ती तशी का लिहिली गेली. एका पालकानं विचारलं, मग विश्वास ठेवायचा तो कुणावर? मी म्हटलं, त्यांच्यावर बेलाशक ठेवा, माझ्यावर जरा बेतानं. लोक हसले आणि जोडी ठेवायची असं ठरलं. यापुढे मूळ पत्र आधी जाईल आणि भाषांतर त्याच्या मागे टाचून, अशी अट मीच घातली.

सभा संपल्यावर वर्गात जाऊन मी ते कपाट उघडलं. आमच्या मुलांची जुनी मूळ पत्रं गठ्ठ्यानं तशीच होती. केटीचं काढलं. पहिल्या पानावर तळ्याचं वर्णन, ते मी भाषांतरात घेतलं होतं. मग पान उलटलं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं दोन ओळी होत्या. परक्यांपुढे आपली मुलगी भित्री कशाला दाखवायची, म्हणून त्या मी गाळल्या होत्या आणि गाळल्या हेही पार विसरून गेले होते. 'मी तळ्यात कधीच उतरत नाही, मला भीती वाटते. तुमच्याकडे असं कुणी आहे का?'

दोन मुली एकमेकींना एकच गोष्ट विचारत होत्या, आणि एकीचा प्रश्न वर्षभर माझ्या कपाटात कुलपात पडून होता.

दुसऱ्या दिवशी मी ते पान, त्यावरच्या खाडाखोडीसकट, मागे भाषांतर टाचून समीक्षाच्या नावानं पोस्टात टाकलं.