काशीआजींची गोळ्यांची पिशवी

चहा घ्या आधी. कारण हे ऐकल्यावर तुम्ही मला डॉक्टर म्हणाल की नाही, शंकाच आहे.

मी मूळची रोह्याची. सध्या एका मोठ्या हॉस्पिटलात, म्हाताऱ्या माणसांच्या विभागात सिनियर रेसिडेंट. आमच्या विभागप्रमुख मॅडमचं ठाम मत आहे की नुसते पेशंट तपासून कोणी सिनियर होत नाही, ज्युनियरना शिकवता आलं पाहिजे आणि टीम चालवता आली पाहिजे. म्हणून त्या आम्हाला शिकवायचं कसं हे शिकवतात आणि मग त्याची परीक्षाही घेतात. माझी परीक्षा पेणच्या शिबिरात होती. पाच ज्युनियरांसमोर एक पेशंट घ्यायचा, आणि मॅडम मागे बसून मार्क देणार.

आणि पणाला काय लागलं होतं? रोह्यात वृद्धांसाठी आठवड्याची ओपीडी सुरू होणार होती. ती कोणी चालवायची ते या परीक्षेवर ठरणार होतं. आता सांगा, माझ्या गावातली ओपीडी दुसऱ्या कोणी चालवायची? आईनं तर अख्ख्या आळीत सांगूनही टाकलं होतं. परतीचे दोर तिनंच कापले होते.

मी ठरवलं, शिकवायचं तर असं की मॅडमनी खुर्चीतून उठलं पाहिजे. त्या उठल्याही, पण ते पुढे येईल.

विषय निवडला गोळ्यांचा. म्हाताऱ्या माणसाला एक डॉक्टर चार गोळ्या देतो, दुसरा तीन, तिसरा आधीच्या न बघता आणखी पाच. वाढवतात सगळे, कमी कोणी करत नाही. म्हणून गावोगावच्या आशा सेविकांना सांगून निरोप धाडला: येताना सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा. वाक्य माझंच बरं का, दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही.

शाळेच्या हॉलात शिबिर. माझ्यासमोर आल्या काशीआजी. वडखळच्या पुढे खाडीच्या कडेला गाव, जन्म मिठागरावर गेलेला, वय पंचाहत्तरच्या पुढे. अंगानं काटक, चाल खटखट. आणि हातात ही एवढी पिशवी. ती टेबलावर ठेवली तर टेबल हललं हो.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. अशी केस शोधून सापडत नाही.

"ऐक गो बाय," आजींनी सुरुवात केली, "ह्या गोळ्या..."

"आजी, एक मिनिट. आधी मी यांना दाखवते."

पिशवीत सात पुड्या होत्या. एक दुधाच्या रिकाम्या पिशवीत, एक रुमालात, एक चक्क लहान मुलाच्या मोज्यात. कोणाला लाल दोरा, कोणाला जाळ्याची हिरवी दोरी. मी सगळ्या गाठी सोडल्या आणि सातही पुड्यांतली पाकिटं टेबलावर एकत्र ओतली. ज्युनियरांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे ना! ढीग झाला. आजींचा हात मध्येच पुढे आला होता, तो मी प्रेमानं बाजूला केला.

"अगो, पण..."

"एकच मिनिट, आजी. तर डॉक्टर्स, मोजा."

सिद्धेश नावाचा ज्युनियर मोजायला लागला. साखरेच्या गोळ्या तीन तऱ्हेच्या, बीपीच्या चार, लघवी होण्याची, थायरॉईडची, फिटची, गुडघेदुखीच्या तर मूठभर. तेवीस प्रकार भरले.

"मॅम," सिद्धेश हळूच म्हणाला, "यात प्रोस्टेटची पण आहे."

"बघा!" मी टेबलावर थाप मारली. "बाईमाणसाला पुरुषांची गोळी! इतका निष्काळजीपणा!"

आणि त्यावर मी सहा-सात मिनिटं बोलले. फार छान बोलले. त्या न पाहिलेल्या डॉक्टरची अशी हजेरी घेतली की एका ज्युनियरनं वहीत उतरवून घेतलं. बाईकडे ती गोळी आली कशी, हा प्रश्न मात्र मला शिवलाही नाही.

मग वळले आजींकडे. "आजी, चक्कर येते का?"

"मला नाय गो. तुकारामाला येते."

मी ज्युनियरांकडे अर्थपूर्ण पाहिलं. "तुकाराम कोण?"

"शेजारचा."

"आणि लघवीचा त्रास?"

"तो पण तुकारामालाच. आणि पाय सुजतात ते आमच्या नर्मदेचे."

मी आवाज खाली आणला. "लक्षात आलं? स्वतःचं दुखणं त्या दुसऱ्यांच्या नावावर सांगताहेत. एवढ्या गोळ्यांनी मेंदूवर परिणाम होतो तो असा." पाचही पेनं चालायला लागली.

बीपी घेतलं तर नॉर्मल, साखर बघितली तर नॉर्मल. दुसरं कोणी असतं तर इथं थांबलं असतं. पण मी जिद्दीला पेटलेली! म्हटलं, "वरवर नॉर्मल दिसतंय, हाच खरा धोका. आजींना आज दाखल करावं लागेल." हातात लाल मार्कर होताच. बंद करायच्या गोळ्यांच्या पाकिटांवर भराभर फुल्या मारत गेले, चौदा पाकिटांवर. वॉर्डबॉयला चाकाची खुर्ची आणायला पाठवलं.

"अगो, मी तुला सांगतेय काय..."

"आजी, घाबरू नका. मी आहे ना."

आजी घाबरल्या नव्हत्याच. त्या माझ्याकडे काळजीनं बघत होत्या.

तेव्हा मॅडम खुर्चीतून उठल्या. शिकवणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही हा त्यांचाच नियम, त्यामुळे माझी छाती फुगली. त्या टेबलाशी आल्या, ढिगाकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "या गोळ्या कोणाच्या आहेत, हे आजींना विचारलंत?"

मी विचारलं.

"कोणाच्या म्हंजे? वाडीतल्या सात जणांच्या," आजी म्हणाल्या. "सगळ्या गोळ्या आणा म्हणून निरोप होता ना? मिठाचं काम चालू हाय, सगळी कशी येतील? मी पेणला येनारच होते, म्हटलं द्या माझ्याजवळ. मी नाय खात गोळ्या. मी आलेय गुडघा दाखवायला."

आता मी रोह्याची. आमच्या आळीतलं कोणी पनवेलला निघालं की सहा घरांच्या पिशव्या त्याच्या हातात, हे बघत मी लहानाची मोठी झाले. हे मला कळायला नको? पण शिकवण्याच्या भरात माझं गाव मीच विसरले.

हसायचं नंतर, कारण खरी पंचाईत पुढेच होती. कोणाची पुडी कोणती, हे सांगणारे दोरे आणि गाठी मीच सोडल्या होत्या. संध्याकाळी सात जणांना गोळ्या लागणार होत्या, आणि तुकारामाची साखरेची गोळी जर नर्मदाबाईंच्या पोटात गेली असती, तर? परीक्षा, ओपीडी, आईची आळी, सगळं डोक्यातून गेलं.

आजींनी पदर खोचला. "सर बाजूला." आणि वेचायला बसल्या. "ही मधे चिरेची, दुफाडी पांढरी तुकारामाची. ही पिवळी नर्मदेची, सकाळच्या चहानंतरची. ही मोजेवाल्याची." दहा मिनिटांत सात पुड्या तयार.

पण औषधाच्या बाबतीत आठवणीवर भरवसा ठेवून चालत नाही. मी म्हटलं, घोळ मी घातलाय, निस्तरणार पण मीच. शिबिराची गाडी घेतली, आजी, ज्युनियर आणि मॅडमसकट गाव गाठलं. दारोदार जाऊन प्रत्येकाचा डॉक्टरचा कागद काढायला लावला आणि एकेक गोळी ताडून पाहिली. आजींची एकही चुकली नव्हती.

चुकल्या होत्या फक्त फुल्या. तुकारामबुवांनी पाकीट हातात घेतलं आणि परत दिलं. "डॉक्टरनी फुली मारलीय. आता ही मी खानार नाय."

"बुवा, ती फुली मीच मारलीय. चुकून."

"मग पुन्हा चुकनार नाय कशावरून?"

बिनतोड. सगळ्यांनी तेच धरलं. शेवटी पेणला परत गेले, चौदाच्या चौदा पाकिटं नवी आणली, पुन्हा सात दारं केली. प्रत्येक दारात तेच वाक्य म्हटलं: चूक माझी, गोळी तुमची. सातव्या दारापर्यंत ते छान पाठ झालं. आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले, आजींचा गुडघा बघायला. तो बिचारा राहूनच गेला होता.

पहिल्या दिवशीच्या त्या सगळ्या धावपळीत मॅडम मात्र काशीआजींच्या ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या. निघताना त्यांनी आजींना विचारलं, "आमची डॉक्टर कशी वाटली?"

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे सरकून, पण मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "पोरगी मेहनती हाय. जीव लावते. फक्त बिचारीला ऐकायला कमी येतं. इतकी तरुण, बघवत नाय. तुमच्याकडं कानाचं मशीन असलं तर आधी तिला द्या."

ज्युनियरांनी माना खाली घातल्या. खांदे मात्र हलत होते.

चार दिवसांनी मॅडमनी मला बोलावून पाकीट दिलं. म्हणाल्या, "हे मार्क शिकवण्याचे नाहीत, त्या सात दारांचे आहेत." आत रोह्याच्या ओपीडीचं पत्र होतं, माझ्या नावाचं. मी तरंगतच होते, तेवढ्यात मागून आणखी एक कागद निघाला. कानाच्या तपासणीची चिठ्ठी. पेशंट: मी. वय: एकोणतीस. तक्रार: समोरच्याचं ऐकू येत नाही. कोणी पाठवलं: काशीआजी.

मॅडमचा हुकूम, टाळणार कशी? गेले, तपासून आले.

कान ठणठणीत आहेत हो. म्हणजे तेवढी एक सबब होती, तीही गेली.