अर्ध्यावर स्वच्छ राहिलेलं पुस्तक

वाचनालयाच्या मागच्या खोलीत फाटकी पुस्तकं पुन्हा शिवणाऱ्या बाईंना सगळे बांधणीबाई म्हणतात. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बोटांना कायम खळीचा वास, आणि एका जागी स्वस्थ बसणं माहीत नाही. दोरा ओवता ओवता उठतात, खिडकी लावतात, पुन्हा उघडतात.

पुस्तक हातात आलं की त्या आधी नाव बघत नाहीत, मिटलेल्या पानांची कड बघतात. जिथपर्यंत वाचलं गेलंय, तिथपर्यंत कड मळकी असते. कायद्याचं जाडजूड पुस्तक घटस्फोटाच्या प्रकरणापाशी सर्वांत काळं असतं, हे त्या हसत हसत दाखवतात.

मागच्या महिन्यात त्यांच्याकडे पाठ निखळलेली एक भयकादंबरी आली. निम्म्यापर्यंत पानं काळपट, कोपरे दुमडलेले, एका पानावर चहाचा डाग. पुढची पानं दुकानातून आत्ताच आणल्यासारखी. कादंबरी त्यांचीच होती.

ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर, भांडी आवरल्यावर, काही वर्षं खपून लिहिली. बंद पडलेल्या इस्पितळात अडकलेली पंधरा-सोळा वर्षांची चार मुलं. एकाला भिंतीतलं बोलणं ऐकू येतं, एक नुसतं बघून वस्तू हलवते, एकीला उद्याचं आज दिसतं, चौथा दुसऱ्याच्या स्वप्नात शिरतो. तळघरात न दिसणारं काहीतरी. एका छोट्या प्रकाशकाने ती छापली, शक्तींची जोरदार जाहिरात केली आणि दुसरा भागही मागितला. तो लिहून तयार होता. शुक्रवारी प्रकाशक न्यायला येणार होते.

"अभिनंदन, बाई!" ग्रंथपाल दारातून म्हणाले. "फाटलं म्हणजे चाललं."

"निम्मंच चाललंय, साहेब."

त्यांनी वाचनालयातल्या बाकीच्या प्रतीही काढून आणल्या. सगळ्यांची कड एकाच ठिकाणी उजळत होती. तिथे चौथ्या मुलाला आपली शक्ती कळते आणि चौघं एकमेकांचे हात धरून तळघराकडे बघतात. बाईंचं सर्वांत लाडकं प्रकरण.

घरी त्यांनी नवऱ्याला गाठलं. ते लिफ्ट दुरुस्त करतात.

"अहो, तुम्ही पूर्ण वाचलंत ना?"

"वाचलं की."

"मग शेवटी काय होतं?"

"भूत जातं."

"कुठे?"

"आता भुताचा पत्ता मला काय ठाऊक?" त्यांनी ताटात मान घातली. मग स्वतःच म्हणाले, "हात धरतात तिथपर्यंत वाचलं. पुढे लक्ष लागेना. तू एवढी खपलीस, तुला तोंडावर कसं सांगायचं?"

बाई तीन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलल्या.

गुरुवारी दुपारी नववीतली एक मुलगी प्रत परत करायला आली. बाई खोलीतून उठून देवघेवीच्या टेबलाशी आल्या.

"आवडलं का गं?"

"सुरुवात भारी आहे, मावशी. मी तर बाथरूमला जाताना बहिणीला उठवत होते."

"आणि मग?"

"मग सोडलं." लेखिका समोर उभी आहे हे तिला माहीत नव्हतं. "त्या पोरांना सगळंच येतं की हो! एक दार हलवणार, एक आधीच बघून ठेवणार. मी कशाला घाबरू त्यांच्यासाठी? मला उलट भुताचीच काळजी वाटायला लागली."

बाईंना राग आला. "पुढे वाचायचंस तरी. त्यांच्यातला एक मरतो."

"हो? कोण?"

बाईंनी सांगितलं. मुलीने जरा विचार केला. "पण जिला उद्याचं दिसतं, तिला हे दिसलं नाही?"

बाईंनी मनातल्या मनात दुसरा भाग चाळला. त्यातही याचा खुलासा नव्हता.

संध्याकाळी त्यांनी अबोला सोडला. "अहो, लिफ्टमध्ये माणसं अडकतात तेव्हा आत काय करतात?"

"आधी सगळी बटणं दाबतात. मग जो सर्वांत जोरात ओरडत असतो तो एकदम गप्प होतो. नि जिच्याकडे कुणी बघितलेलं नसतं, अशी एखादी बाई सगळ्यांना खाली बसवते. का?"

"काही नाही. वाढू का अजून?"

शुक्रवारी सकाळीच त्यांनी प्रकाशकांना फोन लावला.

"आज येऊ नका. दुसरा भाग देत नाहीये."

"बाई, छापखान्याची तारीख घेतलीय मी!"

"मुलांच्या शक्ती काढून टाकतेय. पहिल्या भागापासून पुन्हा लिहिणार."

"काढून टाकता? अहो, मुखपृष्ठावर तेच आहे! शक्ती काढल्यावर त्या पोरांत उरलं काय?"

"ते मलाही अजून कळलेलं नाही."

प्रकाशक कोरडेपणाने म्हणाले, "ही तारीख मी दुसऱ्याला देतो. तुमचं झालं तरी घेईनच असं नाही. चालेल?"

चालणार नव्हतं. दुसरा प्रकाशक त्यांना माहीत नाही, आणि पहिल्याला मिळवायला दोन वर्षं गेली होती. तरी त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नव्या मजकुराची सहा पानं झाली आहेत. त्यातली चार त्यांनी फाडली. चौघं तळघराच्या जिन्यावर उभी आहेत. खाली कुणीतरी खुर्ची ओढतंय. पहिली पायरी कोण उतरणार यावरून त्यांचं भांडण चाललंय, आणि कोण उतरेल हे बाईंना अजून ठरवता आलेलं नाही.