टाकीच्या तोंडाशी

आपल्या गावात कोनी इहिरीत उतरलं, गाळ काढाले म्हना का मोटर काढाले, तं दौलत कुठं का असंना, येऊन काठावर बसते. बसते आनि नावानं हाका मारते.

"पंकज!"

खालून पंकज म्हनते, "ओ!"

"बरं."

चहाचा कप रिकामा होईल इतका वेळ गेला का पुन्हा, "पंकज!"

खालचा मानूस कावते. "अगा काका, जित्ता हावो ना मी! कितीदा माराल?"

काठावरचे पोट्टे हासतात. "दौलतकाका, त्याले आता टोपलीतून भाकर बी सोडा."

दौलत हासत नाई. खालचा मानूस वर येऊन पायात चपला घालीपर्यंत तो काठ सोडत नाई. पाऊस येवो, ऊन येवो. लोक म्हनतात, परदेशातून डोकं फिरवून आला. फिरलं-गिरलं काई नाई बाप्पा. त्याचं काय झालं ते कोनी धड इचारलंच नाई.

दौलतचा बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता. पोरगं चौथीतून सुटलं आनि वावरातल्या माळ्यावर चढलं. जवारी हुरड्यावर आली का पाखरं राखाची, गोफन घ्याची आनि दिवसभर ओरडाचं. त्याची हाक अशी, का हायवेवरचा लारीवाला मान काढून पाहे. कोनाची म्हैस चुकली, कोनाचा मानूस जेवाले येऊन नाई राह्यला, तं बाया म्हनत, "अगा दौलत, मार ना एक." सकाळपासून दिवस बुडेपर्यंत एकटा माळ्यावर, संगं बोलाले कोनी नाई. कधी कधी पाखरं नसली तरी ओरडे म्हनतात.

मंग जवारी गेली. जिकडं पाहा तिकडं कापसाची पऱ्हाटी. पऱ्हाटीले पाखरं खात नाईत. दौलतचं काम गेलं. तवर त्याचं चंद्रभागासंगं लगन झालतं, साक्षी रांगून राह्यली होती. नोटा बंद झाल्या ना, त्याच्या आदल्या साली निर्मल गावचा एक मानूस लोकं भरून नेत होता, कुवेतले, तेलाच्या कामावर. गुडीहत्नूरच्या फाट्यावर चंद्रभागा त्याले सोडाले गेली. साक्षी कडेवर. गाडी आली तं साक्षीनं त्याच्या सदऱ्याच्या बटनाले धरलं ते सोडंच ना. बटन तुटून तिच्या मुठीत राह्यलं आनि दौलत गेला.

तिथं म्हने तेल साठवाच्या लोखंडाच्या गोल टाक्या असतात. आपल्या शाळेचं पटांगन आत मावंल येवढी एकेक. दहा-पंधरा वर्सांनं टाकी रिकामी करतात, तं तळाशी काळा गाळ राहते, काकवीसारखा घट्ट. तो फावड्यानं खरवडाचा. टाकीले खाली एक गोल दार, मानूस वाकून सरपटत जाईल येवढंच. आत अंधार. आनि वास असा का मुखवट्याबिगर दोन श्वास घेतले तं उभा मानूस आडवा. म्हनून तोंडाले मुखवटा आनि मुखवट्याले बाहेरून हवेची लांब नळी.

पयलं सालभर दौलतनं गाळ खरवडला. एक दिवस उन्हात कोनाले तरी पानी मांगाले त्यानं हाक मारली, तं त्या आवाजानं मेस्त्रीच दचकला. मेस्त्री लखनौकडचा. म्हनला, "अरे, इसको दरवाजे पे बिठाओ!"

असं दौलतले दारावरचं काम भेटलं. आत जानाऱ्यानं आपला फोटोचा बिल्ला त्याच्यापाशी द्याचा, त्यानं तो फळीवर टांगाचा. मंग थोड्या थोड्या वेळानं एकेकाचं नाव घेऊन हाक माराची. मुखवट्यातून बोलता येत नाई, म्हनून आतल्यानं फावड्यानं लोखंडाले दोन ठोके द्याचे. ठोके आले का दौलतनं म्हनाचं, "बरं." बाहेर आला का बिल्ला वापस.

आनि एक नियम. मेस्त्रीनं तो त्याच्याकडून तीनदा म्हनून घेतला. "अंदर कुछ भी हो जाए, तू अंदर नहीं जाएगा. भोंगा बजाएगा और वहीं बैठेगा. तू गया, तो एक की जगह दो लाश निकलेगी."

दौलतनं कागदावर सही केली.

पुन्हा माळाच झाला म्हना ना. एकट्यानं बसाचं आनि ओरडाचं. दिवसभर तो दुसऱ्याचं नाव घे, त्याचं नाव कोनी घेत नसे. कोनी 'दारावरचा' म्हने, नाई तं 'अन्ना'. कामगाराईच्या क्यांपात सगळी जगत्याल, निर्मलकडची तेलुगू मानसं. दौलतले तेलुगू येत होती, पन बाजारापुरती. मनातलं सांगाले ती पुरत नसे. शुक्रवारी सुट्टी, तवा घरी फोन. चंद्रभागा म्हने, "ऐकलं का, जेवले का?" साक्षी पडद्याले हात लावून पाहे. मोठी झाली तं शेजारनीले सांगे, "आमचे बाबा फोनमधी राहतात."

तिसऱ्या साली त्याच्या खोलीत चंपतराव आला. मुधोळचा. वयानं दहा वर्सं मोठा, मिशी पांढरी, घरी वावर, पोरी उजवलेल्या. पयल्या दिवशी खाटेवर बसून म्हनला, "काऊन रे, इथं कोनी मानसासारखं बोलनारं हाय का नाई?" दौलतच्या डोळ्याले पानी आलं. तो म्हनला, "हाय ना, दादा."

गावात असते तं दोघाईचे मोहल्ले वेगळे, पानोठे वेगळे. तिथं एका डेचकीत भात. चंपतराव म्हने, "मुधोळले ये, राहीच्या हातची भाकर खाऊ घालतो, चुलीपाशी बसवून." राही म्हंजे राहीबाई, त्याची बायको.

टाकीत गेला का चंपतराव दोन नाई, तीन ठोके देई. दौलतनं एक दिवस इचारलं, "दादा, तुमाले मोजता येत नाई का?"

"येते ना लेका. दोन माझे. तिसरा राहीचा. निंगताना म्हनली होती, जिथं जाल तिथं मले इसरू नका."

"वैनीले त्या घान टाकीत नेता होय? लाज वाटू द्या जराशी."

"तू कायले जळतं रे दौलत्या? तू बी आपलीच्या नावाचा एक ठोका देत जाय."

"मी बाहेर बसतो. मले कोन हाक मारते, ठोका द्याले?"

चंपतरावनं त्याच्याकडं पाह्यलं. त्या दिसापासून आत सरपटाच्या आधी मुखवटा लावता लावता तो मुद्दाम मोठ्यानं म्हने, "दौलत!" आनि दौलत बिल्ला टांगता टांगता फळीवर बोटानं टकटक करे. येवढंच. पन दौलत म्हनते, त्या येवढ्यावर त्याचे पाच साल निंगाले.

करोना गेला त्याच्या दुसऱ्या साली, थंडीच्या दिसात, सकाळी दहाच्या सुमाराले तिघं आत होते. दौलतनं पयल्याले हाक मारली, दोन ठोके. दुसऱ्याले मारली, दोन ठोके. "चंपतराव!" म्हनला.

काईच नाई.

पुन्हा मारली. पुन्हा नाई. नळी कुठं दबली का मुखवटा ढिला झाला, ते कंपनीनं आखरीपर्यंत धड सांगलं नाई. दौलतनं भोंगा वाजवला. बाकीचे दोघं धडपडत बाहेर आले, दोघाईनं बिल्ले घेतले. फळीवर चंपतरावचा मिशीवाला फोटो तेवढा राह्यला.

पाठीवर हवेची टाकी बांधून आत जानारी मानसं वेगळी असतात, ती दुसऱ्या टोकाले होती. येतो म्हनून राह्यली होती. दौलत दाराशी वाकला. आपल्या गावात इहिरीत कोनी पडलं तं काठावर उभा राहनारा मानूस मानूस म्हनवत नाई, तुमाले ठाऊकच हाय. त्यानं एक पाय आत टाकला. मांडीपर्यंत आत गेला. आतून तो वास आला, डोकं गरगरलं. आनि मेस्त्रीचा शब्द आठवला.

त्यानं पाय काढून घेतला.

मंग तो हाका मारत राह्यला. घसा फाटेपर्यंत. ती मानसं आली, आत गेली, चंपतरावले घेऊन आली, तरी बी त्याच्या हाका चालूच होत्या. एकानं त्याच्या तोंडावर हात ठेवला तवा थांबला.

चंपतराव पेटीत बंद होऊन हैद्राबादवरून मुधोळले गेला. दौलतले चौकशी होईपर्यंत सोडलं नाई. चौकशीत सायबानं त्याची पाठ थोपटली. तू नियम पाळला, म्हने, नाई तं दोन जीव गेले असते. सगळ्याईसमोर त्याले एक कागद देला, सोनेरी काठाचा, त्याच्यावर त्याचं नाव इंग्रजीत. टाळ्या बी वाजवल्या म्हने.

तीन महिन्यानं तो घरी आला. आठ सालानंतर. चंद्रभागानं तो कागद पाह्यला, वाचता येत नाई, पन सोनेरी काठ दिसला. काच बसवून आनला आनि बाबासायबांच्या फोटोखाली टांगला. आलंगेलं इचारे, "काय हाय हे?" ती म्हने, "याईले कंपनीनं मान देला." दौलत त्या भिंतीकडं पाठ करून जेवे.

घरात तो पाहुन्यासारखा. फोनवर चंद्रभागासंगं तासभर बोलनारा मानूस, समोर बसला तं दोघाईले बोलनं सुचंना. साक्षी पानी आनून दे आनि दाराआड उभी राहे. तो अंगनात खाट टाकून बसे. आनि खाटेखाली एक निळी थैली. चंपतरावच्या वस्तू. दोन सदरे, चष्मा, दाढीचं सामान, आनि तो फोटोचा बिल्ला. क्यांपातून ती दौलतच्या हाती देली होती, घरी पोचवाले.

दोन महिने झाले. चंद्रभागा म्हनली, "दुसऱ्याच्या मानसाची थैली किती दिवस ठेवता? ती बाई वाट पाहत असंल."

"जातो."

"मंग काऊन जात नाई?"

"ती इचारंल, तुमी होते तं आत काऊन नाई गेले. काय सांगू?"

चंद्रभागानं थैली उचलून खाटेवर ठेवली. मंग म्हनली, "सांगा का मी गेलो होतो, पन लोकाईनं धरून ठेवलं. तिले बी बरं वाटंल, तुमाले बी."

दौलतनं ते घोकलं. निर्मलपर्यंत घोकलं, भैशाच्या स्टँडवर गाडी बदलली तिथं घोकलं. मुधोळले उतरला तवा ते वाक्य तोंडपाठ होतं.

राहीबाईचं घर गावाच्या काठाले. अंगनात पान्याचा लोखंडी ड्रम, त्याच्यावर तांब्या. खाटेवर तिचा दीर सुधाकरराव बसलता. राहीबाई बाहेर आली. कपाळ कोरं. थैली पाह्यली आनि वळखलं.

"दौलतभाऊ ना तुमी? तुमचं नाव दर शुक्रवारी फोनवर राहे." तिनं तांब्या भरून देला. "पानी प्या आधी."

दौलत पानी प्याला. सुधाकररावनं इचारलं, "तुमीच दारावर होते म्हने?"

"हो."

"आनि आत नाई गेले?"

घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. दौलतनं राहीबाईकडं पाह्यलं. त्याच्या हातात अजून तो रिकामा तांब्या.

"एक पाय टाकला होता, वैनी," तो म्हनला. "मंग काढून घेतला. कोनी धरलं नाई मले. मीच काढला."

सुधाकरराव उठून उभा राह्यला. "वा रे दोस्त! भाऊ तिकडं मरून राह्यला आनि हा बाहेर बसून हाका मारून राह्यला!"

"भाऊजी, तुमी गप्प बसा," राहीबाई म्हनली. आवाज चढवला नाई. सुधाकरराव पायात चपला अडकवून निंगून गेला.

राहीबाईनं थैली उघडली. सदरे बाजूले ठेवले. चष्मा बाजूले ठेवला. बिल्ला हातात घेऊन बसली.

"किती हाका मारल्या?"

"मोजल्या नाई, वैनी. आवाज बसेपर्यंत."

"आनि त्याईनं एकीले बी ओ नाई देली."

"नाई." मंग दौलतनं ते ठोक्याईचं सांगलं. सगळ्याईचे दोन, चंपतदादाचे तीन. तिसरा कोनाचा ते बी सांगलं. राहीबाईले हे ठाऊक नोतं. ती हासली का रडली, दौलतले समजलं नाई, तिनं पदर तोंडावर घेतला होता.

पदर खाली करून म्हनली, "सव्वीस वर्सं संसार केला. तोंडानं कधी नाव घेतलं नाई त्याईचं. आमच्यात घेत नाईत. तुमी दिवसातून किती बार घेत होते?"

"शंभर बार तरी."

"मंग माझ्यासमोर एक बार घ्या. तिथं मारत होते तशीच मारा. मले ऐकू द्या."

दौलत उठला. आठ सालात त्यानं कोनत्या घराच्या अंगनात अशी हाक मारली नोती. त्यानं छाती भरून घेतली.

"चंपतराव!"

पल्याडच्या वावरात पऱ्हाट्या उपटनाऱ्या बाया उभ्या राह्यल्या. झाडावरचे पाखरं उडाले. गल्लीतून कोनी तरी वाकून पाह्यलं. मंग सगळं चूप झालं. दौलत तसाच उभा, कान देऊन, जशी त्याले सवय होती तसा.

राहीबाईनं त्याच्या हातातला तांब्या घेतला. ड्रमपाशी गेली. लोखंडावर तांब्यानं एक ठोका देला. एकच. आनि थांबली.

दौलत म्हनला, "बरं."

मंग राहीबाईनं चुलीपाशी पाट टाकला आनि म्हनली, "या दौलतभाऊ. भाकर टाकते."